कॅसेटच्या शेवटी सबिना मिस

शारजातल्या रोला भागात मागच्या गल्लीतली ती इमारत अजून उभी आहे, पण रिकामी. दाराला साखळी, काचांवर लाल रंगाच्या फुल्या, आणि एसी काढून नेल्यामुळे भिंतीत पडलेली चौकोनी भोकं. दुसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या भोकात एक कबूतर बसलं होतं, घरमालकासारखं. ते भोक सबिना मिसच्या हॉलचं. तिथल्या एसीखाली उभी राहून मी गायला शिकले आणि माझ्यासारखी शारजा-दुबईतली कितीतरी पोरं शिकली. मी समोरच्या फुटपाथवर हातात जुना टेपरेकॉर्डर घेऊन उभी होते. का कोण जाणे, मला वर बघायलाही ओशाळं वाटत होतं.

टेपरेकॉर्डर त्याच गल्लीतल्या दुरुस्तीच्या दुकानातून नुकताच ताब्यात घेतला होता. दुकानदार मलयाळी, चष्मा कपाळावर ठेवून काम करणारा. म्हणाला, "बेल्ट खलास था मॅडम, अभी ओके. लेकिन ये अभी कौन सुनता है?"

"मेरी टीचर," मी म्हटलं.

मिस आता अजमानला राहतात, विल्सनकडे, म्हणजे त्यांच्या मुलाकडे. विल्सनची नोकरी संपली, व्हिसाही संपत आला, आणि येत्या शनिवारी मायलेक कायमचे वसईला चालले आहेत. मिसचा आवाज जाऊन बरीच वर्षं झाली. गळ्याचं ऑपरेशन झालं आणि उरली ती कुजबुज. गेल्या महिन्यात मी भेटायला गेले तेव्हा त्यांनी मला खुणेने जवळ बसवलं आणि कानाशी म्हणाल्या, "बाय, मी गायचे कशी गं? तुम्हा पोरांचे सगळ्यांचे आवाज आठवतात. माझा मलाच आठवत नाही. कुठे असला तर जायच्या आधी एकदा ऐकव."

एवढंच मागणं. त्यांनी माझ्याकडे दुसरं काही मागितल्याचं मला आठवत नाही. मी लगेच, अगदी ऑफिसात बॉसला सांगते तशी, "शुअर मिस, बघते," म्हणून टाकलं. लिफ्टमध्ये शिरल्यावर लक्षात आलं की मलाही तो आवाज आठवत नाही. त्यांनी माझा गळा घडवला, आणि त्यांचा गळा कसा होता हे मला सांगता येत नव्हतं. तेव्हापासून मन जे खातंय ते खातंच आहे.

आमचा रविवार तेव्हा शुक्रवारी यायचा. सुट्टी शुक्रवारची म्हणून मिस्साही शुक्रवारी. चर्चमधून निघालं की आई मला तशीच, फ्रॉकमध्ये आणि पांढऱ्या मोज्यांत, मिसच्या जिन्यात सोडून जायची. त्या जिन्याला मजल्यागणिक वास होता. खाली वॉचमनने लावलेला बखूरचा धूप, वर तापलेलं खोबरेल, आणि दुसऱ्या मजल्यावर वळलं की आमचा आपला सुक्या बोंबलाचा. दार उघडलं की एसीचा गार झोत तोंडावर यायचा आणि त्यात गालिच्याचा ओलसर वास मिसळलेला असायचा. धुळीचे दिवस असले की मिस खिडकीच्या फटीत ओले टॉवेल खोचून ठेवायच्या. संध्याकाळपर्यंत ते टॉवेल लालसर व्हायचे. अजून कुठे ओल्या धुळीचा वास आला की माझा जबडा आपोआप सैल पडतो.

याला कारण आहे. मिसच्या दाराशी काचेच्या वाटीत खजुराच्या बिया असायच्या, उकळून, वाळवून ठेवलेल्या. आत येताना प्रत्येकाने एक घ्यायची, पुढच्या दातांत उभी धरायची आणि 'आ' लावायचा. बी उभी असली की तोंड मिटता येत नाही, लाजता येत नाही. "तोंड उघडायची लाज वाटते त्याने भाजी विकावी," मिस म्हणायच्या, आणि मग स्वतःच, "नाही, भाजीवाल्याला तर आणखी मोठं उघडावं लागतं." एकदा एका मुलीने बी गिळली आणि रडायला लागली. मिस शांतपणे म्हणाल्या, "पोटात झाड येईल तेव्हा बघू. आधी 'आ' पुरा कर." तिने रडत रडत पुरा केला. इतका मोकळा 'आ' तिचा त्याआधी कधी लागला नव्हता. मग मिसने तिला दोन्ही हातांनी जवळ घेतलं.

वसईहून आणलेला तानपुरा पहिल्याच उन्हाळ्यात तडकला होता. भोपळ्याला वरपासून चीर. मिसने तो शाल पांघरून सोफ्याच्या मागे उभा करून ठेवला होता, आजारी माणसाला कोपरा द्यावा तसा. त्याच्या जागी त्यांनी एसीला नेमलं. जुना, लठ्ठ, भिंतीच्या भोकात बसवलेला एसी. त्याच्या घरघरीत नीट कान दिला तर खाली एक सरळ सूर सापडायचा. "ऐका त्याला," मिस बोट वर करून म्हणायच्या. "तो श्वास घ्यायला थांबत नाही, त्याला सर्दी होत नाही, पगारवाढ मागत नाही. तोच आपला सा." आणि आम्ही सगळी पोरं दातांत बिया धरून एसीकडे तोंड करून उभी राहायचो, नमाजाला उभं राहावं तशी रांगेत. बाहेरून कोणी बघितलं असतं तर काय समजला असता, देव जाणे.

त्या एसीने आम्हाला आयुष्यभराचं एक लचांड लावून दिलं. सुट्टीत वसईला गेले की गावच्या सणाला मला गायला उभं करायचे. दुबईची पोरगी गाते म्हणून कौतुक. मी डोळे मिटून माझा सा लावायचे आणि पेटीवाले काका पांढरी पट्टी दाबायचे, मग काळी, मग पुन्हा पांढरी, मग माझ्याकडे बघायचे. शेवटी त्यांनी भात्यावरचा हात काढला आणि भरल्या मांडवात म्हणाले, "ही पोर दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत गाते." सगळे हसले. मी परत आल्यावर फुरंगटून मिसला सांगितलं, तर त्या डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे तू माझीच." त्या दिवशी मला वाटलं होतं की जगात याहून मोठं बक्षीस नाही.

मिस स्वतः गायच्या, हे आम्हाला ऐकून ठाऊक होतं. आईच्या पिढीतल्या बायका सांगायच्या, सबिनाबाय आली तेव्हा इथे रस्ते कमी आणि वाळू जास्त होती. नवरा दुबईत, अल क्वोजमधल्या एका गोदामात स्टोअरकीपर. मराठी माणसांनी एका शाळेच्या हॉलमध्ये कसलासा कार्यक्रम केला, त्यात माईक बंद पडला. पुढे बसलेल्यांत चार कुटुंबं आणि मागे सगळे साइटवरचे पुरुष, शुक्रवारचे धुतलेले शर्ट घालून. सबिनाबाय पदर खोचून पुढे आली आणि माईकशिवाय गायली. आपल्यातली बाई इथे स्टेजवर उभी राहून गाते, हे त्या लोकांनी पहिल्यांदाच बघितलं. मागचे पुरुष म्हणे टाळ्या वाजवायचंच विसरले. घरी जाताना बायकांमध्ये मात्र कुजबुज झाली, नवऱ्याने परवानगी दिली कशी म्हणून. आणि पुढच्या आठवड्यात त्याच बायका आपापल्या पोरांचा हात धरून तिच्या दारात उभ्या.

तिथून त्यांचं गाणं कमी कमी होत गेलं असावं. कधी, ते कोणी बघितलं नाही. आम्ही तर नाहीच. पोरांना टीचर म्हणजे टीचर, ती दाराआड गात असेल असं मनातही येत नाही. आया यायच्या त्या घड्याळ बघत. "मिस, तिचं टायमिंग जरा ॲडजस्ट करा ना, माझी ड्यूटी चेंज झाली." मिस करायच्या. एका बॅचच्या दोन, दोनच्या चार झाल्या. दुपारचं जेवण बाजूला राहायचं, बोंबील कढईत थिजायचे आणि मिस बोटाने हवेत सूर दाखवत उभ्या असायच्या. आवाज वाचवायला त्या आम्हाला हातानेच शिकवायच्या. कोणासाठी वाचवत होत्या, हे मी आज विचारते. तेव्हा कोणी विचारलं नाही.

त्यांचं गाणं कानावर पडायचं ते फक्त कॅसेट भरताना.

ज्यांनी तो काळ बघितला नाही त्यांना हे सांगावं लागतं. फोन महाग, पत्र लिहायचा कंटाळा, आणि कित्येकांच्या घरी पत्र वाचणारं कोणी नाही. म्हणून इथला माणूस टेपरेकॉर्डरसमोर बसून घरच्यांशी बोलायचा आणि ती कॅसेट गावी जाणाऱ्या कोणाच्या तरी बॅगेत टाकायचा. घरचे ऐकायचे, एकदा नाही तर दहादा, आणि मग त्याच कॅसेटवर, पहिल्यापासून, आपलं उत्तर भरून परत पाठवायचे. जुनं पुसलं जायचं. त्याचं कोणाला काही वाटत नसे. पाटी पुसून नवं लिहावं तसं ते होतं.

शुक्रवारी दुपारी मिसकडे अशी कॅसेट भरायला लोक यायचे, कारण चांगला टेपरेकॉर्डर त्यांच्याकडे होता. आमच्या घरची कॅसेटही तिथेच भरली जायची. पण मला आठवतो तो तुकाराम. गुहागरकडचा गवंडी, अल क्वोजच्या कॅम्पात राहणारा, हाताची नखं सिमेंटने कायमची पांढरी पडलेली. तो चपला जिन्यातच काढून यायचा आणि सोफ्यावर न बसता गालिच्यावर बसायचा. मिस एसी बंद करायच्या, कारण त्याची घरघर कॅसेटवर यायची. क्षणात खोली तापायची. तुकाराम घाम पुसत माईकमध्ये ओरडायचा, "आई, मी तुकाराम. मी बरा आहे. जेवण चांगलं मिळतं." मग त्याला पुढे काही सुचायचं नाही. तो मिसकडे बघायचा. "बाई, राहिलेल्या जागेत तुम्ही एक म्हणा ना. आईला बरं वाटेल."

राहिलेली जागा. मिस नेहमी त्या राहिलेल्या जागेत गायच्या. सगळ्यांचं बोलून झाल्यावर, फीत उरली असेल तेवढं. गुहागरच्या आईला देवीचं, वसईच्या सासूला मारियेचं, कोणाच्या लहान भावाला अंगाई. पुष्कळदा गाणं मध्यावर असताना खट्ट होऊन फीत संपायची. मिस तोंड मिटायच्या, एसी लावायच्या आणि म्हणायच्या, "यल्ला, पुढचं कोण?" आम्ही पोरं दारात उभी असायचो, एसी कधी लागतो याची वाट बघत. गाण्याकडे लक्ष कोणाचं होतं! उकडत होतं आम्हाला.

तो आवाज आठवायचा मी फार प्रयत्न केला. डोळ्यांसमोर सगळं येतं. मिसच्या कपाळावर डवरलेला घाम, गळ्यातल्या माळेचा क्रूस श्वासाबरोबर वरखाली होणारा, तुकारामच्या मिटलेल्या पापण्या. आवाजाच्या जागी मात्र काही नाही. सिनेमा चालू आणि आवाज बंद, अशी माझी गत. लाज वाटते, पण खरं आहे.

शोधायचं म्हणून शोधू लागले. मिसकडे स्वतःची एकही कॅसेट नव्हती, स्वतःसाठी भरायची त्यांना कधी गरज वाटली नसेल. जुन्या मैत्रिणींना व्हॉट्सॲपवर विचारलं. सगळ्यांनी रडके चेहरे पाठवले, मिसचे जुने फोटो पाठवले, कॅसेट कोणाकडे नाही. एकीकडे होती, तिच्यावर नंतर तिच्या काकाच्या लग्नाचा बँड भरलेला. मग खटपट करून तुकारामचा नंबर मिळवला. तो आता गुहागरला असतो, आंब्याची कलमं सांभाळतो.

"कॅसेट? ती कसली राहते ताई!" तो फोनवरही तसाच ओरडला. "आमच्याकडे कॅसेट आली की आई सगळ्या वाडीला बोलवायची. जो तो आपला निरोप भरायचा. फीत पुरायची नाही. पण एक सांगतो, पुसायच्या आधी बाईंचं गाणं ती रोज संध्याकाळी लावायची. मला विचारायची, तुझ्या कंपनीने गायला बाई ठेवली आहे काय?" आणि तो खूप हसला. मग एकदम थांबून म्हणाला, "बाई बऱ्या आहेत ना? त्यांना सांगा, आई शेवटपर्यंत त्यांचं नाव काढायची."

मी सांगते म्हटलं. फोन ठेवल्यावर मनात हिशेब मांडला आणि मांडला तसा मोडून टाकला. इतक्या घरांत तो आवाज पोहोचला आणि प्रत्येक घराने तो पुसला, तेही प्रेमाने, मुलाला उत्तर द्यायचं म्हणून. यात चूक कोणाची म्हणायची? कोणाचीच नाही. आणि कोणाचीच नसली की ती जाऊन बसते ज्याला आठवतंय त्याच्या छातीवर.

शेवटी वसईहून माझ्या चुलतभावाचा, जोएलचा निरोप आला. आजोबांच्या लाकडी पेटीत बिस्किटांचा डबा आणि डब्यात एक कॅसेट, वर माझ्या पप्पांच्या अक्षरात शारजा. आमच्या घरची शेवटची कॅसेट असावी ती. आजोबांनी उत्तर भरलं आणि तेवढ्यात शेजारी टेलिफोन आला, मग पाठवायची राहून गेली. इकडे येणाऱ्या एका ओळखीच्याबरोबर जोएलने ती पाठवली. मला केवढी आशा वाटायला लागली म्हणून सांगू! कारण आमचे आजोबा कमी बोलणारे. पानवेलींच्या वाडीत दिवस काढलेला माणूस, वेलींशी बोलत असेल तेवढंच. त्यांचं उत्तर संपलं की पुढे आमचं जुनं भरलेलं तसंच राहिलेलं असणार. आणि आमच्या कॅसेटच्या शेवटी कोण असायचं? मिस.

दुरुस्त केलेला टेपरेकॉर्डर घरी आणून मी स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठेवला आणि कॅसेट घातली. खरखर, मग कोंबडा आरवला, मग आजोबा. "पत्र... म्हणजे कॅसेट मिळाली. आम्ही बरे आहोत. पाऊस बरा झाला. पोरीला जपा." मग बराच वेळ नुसती खरखर. त्यांना वाटलं असणार अजून काही बोलायला हवं. शेवटी म्हणाले, "झालं." खट्ट.

आणि त्या खट्टच्या पलीकडे मिस होत्या. अर्ध्या वाक्यात. "...आणि आजोबा, आज मी नाही म्हणणार. आज राहिलेली जागा तुमच्या नातीची. तिने फार मेहनत केली आहे. हं, बाय, हा घे." एसी बंद होता म्हणून सूर त्यांनाच द्यावा लागला होता. त्यांनी 'आ' लावला. एक श्वासभर. आणि मग मी सुरू झाले.

पहिल्यांदा ऐकताना मी काय केलं असेल? मी खुश झाले. माझा आवाज! चिमुकला, धीट, कुठेही न हलणारा. मी रिवाइंड करून पुन्हा ऐकलं, मग पुन्हा. माझी लेक इअरफोन काढून आत आली.

"मम्मा, इज दॅट यू?"

"हो, मीच. तुझ्यापेक्षा लहान होते."

"यू साउंड सो गुड! व्हाय डिड यू स्टॉप?"

मी खांदे उडवले. कॉलेज, नोकरी, ती झाली, सोसायटीचे हप्ते, ट्रॅफिक. गाणं सुटलं त्याला मुहूर्त नव्हता.

"अँड हू इज द लेडी?" तिने विचारलं. "द वन बिफोर यू?"

माझा हात बटणावर तसाच राहिला. इतका वेळ मी त्या बाईला ओलांडून स्वतःकडे धावत होते. कॅसेट मिससाठी शोधायला निघाले आणि सापडली ती माझी मीच. साऱ्या कॅसेटांवर शेवटची जागा त्यांची असायची. आणि जगात जी एक वाचली, तिच्यावर ती जागा त्यांनी मला देऊन टाकलेली. त्यांच्या वाट्याला एक श्वास. बाकी सगळी फीत मी खाल्लेली, आणि खाऊन पुन्हा गाणं सोडून दिलेली मी. त्या संध्याकाळी मी भाजी करपवली.

न्यावी की नेऊ नये, याचा विचार दोन दिवस केला. माझं ऐकवून त्यांना काय सांगायचं होतं? बघा मिस, तुमचा आवाज मिळाला नाही, पण माझा मिळाला? एकदा वाटलं, सरळ खोटं बोलावं, काही मिळालं नाही म्हणून. मग वाटलं, एक श्वास का होईना, तो त्यांचा आहे. तो दाबून ठेवणारी मी कोण?

गुरुवारी दुपारी ऑफिसातून हाफ डे घेऊन अजमानला गेले. हॉलमध्ये दोऱ्या बांधलेले खोके, त्यांवर विल्सनने मार्करने लिहिलेलं वसईचं नाव. सोफा विकून झालेला. मिस प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या होत्या, गळ्याला पातळ स्कार्फ, पाय स्टुलावर. विल्सन पॅकिंग टेप आणायला खाली गेला होता. मी खोक्यावर टेपरेकॉर्डर ठेवला आणि त्यांच्या पायाशी बसले.

"मिस, तुमचं गाणं नाही मिळालं," मी म्हटलं. "खूप शोधलं. तुकारामलाही फोन केला. त्याने सांगितलंय, त्याची आई शेवटपर्यंत तुमचं नाव काढायची. पण सगळीकडचं पुसलं गेलंय. हे आमच्या घरचं आहे. यात तुम्ही थोड्याशाच आहात. पुढे सगळी मीच आहे. मला माफ करा."

मिसने हात हलवला. त्या हाताचा अर्थ मला लहानपणापासून ठाऊक होता. पुरे, आता सुरू कर.

मी सुरू केलं. कोंबडा आरवला. आजोबांचं "झालं" ऐकून मिसचे खांदे हसण्याने हलले. मग खट्ट, आणि त्यांचा स्वतःचा बोलण्याचा आवाज खोलीत आला, भरदार, थोडा घाईतला, पुरा अंगात असलेला. मिसचं हसू जागच्या जागी थांबलं. "...आज राहिलेली जागा तुमच्या नातीची..." मला तिथे जमिनीत शिरावंसं वाटलं. मग तो 'आ' लागला. खाली कुठला एसी नाही, तानपुरा नाही, नुसता तो. कडेला कुठे चीर नसलेला. मिसने मान किंचित वर केली, गळा ताणला, आणि स्कार्फच्या आत काहीतरी हललं. ओठ उघडले होते. आवाज अर्थात आला नाही.

मग कॅसेटवरची मी गायला लागले आणि मिसने एकदम हात वर केला.

मी थांबवलं. मला वाटलं, पहिल्याच शब्दाला माझी काही चूक निघाली. इतक्या वर्षांनी, या वयात, मी आपोआप ताठ बसले. पण त्यांनी बोट मागे वळवून दाखवलं. मागे घे. मी मागे घेतलं. पुन्हा त्या बोलल्या, पुन्हा 'आ' लागला, पुन्हा मी सुरू झाले आणि पुन्हा हात वर. पुन्हा मागे. मला कळेना. वाटलं, ऐकू कमी येत असेल, कुठे काय संपतं ते समजत नसेल.

"मिस, पुढे गाणं आहे ना," मी म्हटलं. "तुम्हीच शिकवलेलं. पूर्ण आहे. ऐका तरी."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्यांचा हात गार होता आणि प्रेमाचा होता, त्याबद्दल मला शंका नाही. त्या वाकल्या. मी कान त्यांच्या तोंडाशी नेला.

"तुझं नको, बाय," त्या कुजबुजल्या. "जन्मभर तुमचंच ऐकलं."

मी फीत मागे घेतली. या खेपेला बोट बटणावरच ठेवून बसले. त्यांचा श्वास संपला आणि मी तोंड उघडायच्या आत, मीच मला बंद केलं.